एकाच टॉवरवरून ४० किलोमीटर, घरटी ३०० एमबीपीएस: कितपत खरं?

खाडीपल्याड (धागाकर्ता), रविवार रात्री

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात खाडीच्या कडेला आमची वाडी आहे, पन्नास-साठ घरांची. मोबाईलला रेंज अंगणात मिळते, माजघरात नाही. फायबर वर मुख्य रस्त्यापर्यंत आलंय, पण घाटीने खाली वाडीत उतरवायला कुणी तयार होत नाही. गेल्या आठवड्यात एका कंपनीची दोन माणसं येऊन ग्रामविकास मंडळापुढे बोलून गेली. त्यांचं म्हणणं असं:

सड्यावर (वाडीच्या वरच्या कातळाच्या माळावर) एकच टॉवर उभा करायचा, तिथून ४० किलोमीटरपर्यंत इंटरनेट. प्रत्येक घराला ३०० एमबीपीएस "पर्यंत". झाडं, डोंगर, पाऊस कशाचीच अडचण नाही. फ्रिक्वेन्सी मोफत आहे, म्हणून सरकारी लायसन्स लागत नाही. हे वायफाय नाही, फोरजी नाही, फाईव्हजीपण नाही, त्याच्या पुढचं आहे. पेटंटचा अर्ज केलेला असल्याने आत काय आहे ते सांगता येत नाही. घरटी ६,००० रुपये अनामत, गणपतीच्या आधी कनेक्शन.

मंडळात सरळ दोन तट पडलेत. मुंबईकर म्हणतात भरून टाका, पोरं गावात राहून काम करतील. गाववाले म्हणतात आधी दाखवा. मला यातलं फारसं कळत नाही. जाणकारांनी जरा बघावं.

माडावरचो

हंय साधो फोन लागूक सड्यार चढूचा लागता, आणि ह्यो चाळीस किलोमीटर सांगता! सहा हजारात बऱ्यापैकी जाळा येतला.

वर्क_फ्रॉम_आगर

आपल्याकडे नवीन काही आलं की आधी थापा म्हणायची पद्धतच आहे. लॉकडाऊनपासून मी गावातून काम करतोय. मीटिंग आली की लॅपटॉप घेऊन देवळाच्या पायरीवर बसतो, त्यामुळे ही गरज काय आहे ते मला विचारा. आणि ४० किमी म्हणजे काही जादू नाही. २००७ मध्ये व्हेनेझुएलात साध्या वायफायवर ३८२ किलोमीटरची लिंक चालवून दाखवली होती. शोधा, सापडेल.

डीबी_काका

आगरवाले, ३८२ किमीचं तुमचं बरोबर आहे, पण तेवढंच सांगून चालायचं नाही. ती लिंक दोन उंच जागांच्या मधली होती. एक टोक अँडीजमधलं, चार हजार मीटरहून उंच. दोन्हीकडे मोठ्या डिश, एकमेकींवर रोखलेल्या. मध्ये झाड नाही, घर नाही, तिसरा गिऱ्हाईक नाही. वेग मिळाला तो एका दिशेला साधारण ३ एमबीपीएस. तोही वायफायचं आतलं सॉफ्टवेअर बदलून, कारण पलीकडून पोच यायला लागणारा वेळ साध्या वायफायला झेपत नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ज्या गटाने ते सॉफ्टवेअर केलं, त्यांनीच तमिळनाडूत थेनीजवळ अरविंद नेत्र रुग्णालयाची खेड्यांतली केंद्रं अशा लिंकांनी जोडली होती. उत्तम काम होतं ते. पण त्यांनी कधी ३८२ किमीवर घरोघरी ३०० एमबीपीएस देतो असं म्हटलं नाही.

माझी नोकरी रेडिओ लिंक लावण्यात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

अंतर, वेग आणि किती घरांत वाटायचं, या तिन्हींचं पोतं एकच असतं: एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होतं. जाहिरातीत मात्र प्रत्येकाचा सर्वांत चांगला आकडा वेगळा काढून शेजारी शेजारी छापतात. वायमॅक्स (लांब पल्ल्याचं बिनतारी इंटरनेट) आलं त्या वेळी हेच झालं. २००४-०५ च्या सुमारास जो तो "५० किलोमीटर, ७० एमबीपीएस" म्हणत होता. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते, पण एकाच वेळी एकाच गिऱ्हाइकाला मिळणारे नव्हते. पुढे एलटीई, म्हणजे फोरजी, आलं आणि वायमॅक्स बाजूला पडलं.

आता हिशेब. ५.८ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो, पण अँटेना धरून ४ वॅटची मर्यादा आहे, म्हणजे ३६ डीबीएम. (डीबी हे पटीचं माप: १० डीबी म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट. डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटच्या किती डीबी वर किंवा खाली.) मोकळ्या हवेत १२ किलोमीटरवर साधारण १२९ डीबी घट होते. समोर २५ डीबीची चांगली अँटेना लावली, तर हातात उणे ६८ डीबीएम येतात. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये, म्हणजे पट्ट्यातल्या तेवढ्या रुंद तुकड्यात, गोंगाट (नको असलेला सिग्नल) उणे ९५ च्या आसपास असतो. म्हणजे २७ डीबी शिल्लक. छान लिंक झाली. तीच ४० किलोमीटरवर न्या. आणखी साडेदहा डीबी गेले, १६ उरले. चालेल, पण रडतखडत, आणि तेही मध्ये पान हललं नाही तर.

शिवाय पृथ्वी गोल आहे. ४० किमीच्या मध्यावर पाण्याचा फुगवटा २३-२४ मीटर धरावा लागतो. त्याच्यावर लहरीला मोकळी वाट हवी, ती आणखी १३-१४ मीटर. सड्यावरून समोर समुद्रच असेल तर एवढी उंची मिळून जाते, म्हणून कंपनीचा ४० चा आकडा अगदीच हवेतला नाही. सड्यावरून समुद्राकडे बघितलं तर ४० किमी खरोखर जाईल. प्रश्न एवढाच, की तिथे राहतं कोण?

माडावरचो

बांगडे. 😄

खांबावरचा

काकांनी हिशेब सांगितला, मी चिखलातलं सांगतो. किनाऱ्यावर छोटं नेटवर्क चालवतो, थोडं फायबर, थोडं रेडिओ.

पावसाचं आधी. "पावसाने काही होत नाही" हे ५ गिगाहर्ट्झला बरंचसं खरं आहे. घरच्या छत्रीवरचा टीव्ही जोराच्या सरीत जातो, कारण तो ११-१२ गिगाहर्ट्झवर आहे. ५.८ वर धो धो पावसातही काही डीबीच जातात. खरी गोची ओल्या पानांची आहे. एप्रिलमध्ये आम्ही लिंक लावतो, आंब्याच्या कडेकडेने निघून जाते, सगळे खूष. जुलैत त्याच आंब्याला नवी पालवी, वर पाणी, आणि लिंक मेली. झाडातून जाताना दर मीटरला साधारण एक डीबी धरा. वीस मीटरची राई म्हणजे २० डीबी, म्हणजे सिग्नल शंभरावा हिस्सा राहिला. माड त्याहून त्रासदायक. आंबा निदान जागच्या जागी उभा असतो. माड वाऱ्यावर डोलतो आणि त्याचं झाप दर चार सेकंदांनी अँटेनासमोर येतं. स्पीड टेस्ट उत्तम येते, पण व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस सारखा गोठतो.

दुसरं खाडीचं. आमची एक लिंक खाडीवरून जाते, दोन्ही टोकं चांगली उंचावर, मध्ये नुसतं पाणी. ती रोज ठरावीक वेळ पडायची. रात्री आठला पडली तर दुसऱ्या दिवशी पावणेनऊला, तिसऱ्या दिवशी साडेनऊला. पोरांनी रेडिओ बदलला, वायर बदलली, कुणीतरी भुताचंही नाव घेतलं. शेवटी जेटीवरच्या एका तांडेलाने वही बघून सांगितलं, ही तर भरतीची वेळ आहे. सरळ येणारी लहर आणि पाण्यावरून उसळून येणारी लहर एकमेकींना मारत होत्या, आणि पाणी दोन-तीन मीटर वरखाली झालं की मारण्याचं गणित बदलायचं. अँटेना वर न चढवता उलट खाली आणली, समोरच्या बांधाने पाण्यावरची लहर अडवली, आणि लिंक सुधारली. हे कुठल्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

खारा वारा, गंजलेले क्लॅम्प, कातळावर न होणारं अर्थिंग हे वेगळंच. जांभ्यात खड्डा मारून कितीही मीठ-कोळसा घाला, मे महिन्यात माती सुकली की अर्थिंग नावापुरतं. मग जूनच्या पहिल्या विजेला रेडिओ जातो. आणि निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, काय झालं ते रायगड-रत्नागिरीवाल्यांना सांगायला नको. आधी लाईट गेली, मग बॅटऱ्या उतरल्या, मग टॉवर बंद. "एकच टॉवर" हा गुण म्हणून सांगतायत, पण तो पडला की ४० किलोमीटर अंधार.

बाईंची_शाळा

झाडांतून जाणारं काही नाहीच का? पालघरकडे आयआयटीने टीव्हीच्या लहरींवर काहीतरी केलं होतं असं वाचलंय.

डीबी_काका

आहे ताई, आणि तो प्रयोग आपल्या कोकणातलाच, उत्तर टोकाचा. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या काही गावांत टीव्हीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला रिकामा भाग वापरून बघितला. लहर लांब असल्याने झाडापेडांतून बरी जाते. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत त्यांना बक्षीसही मिळालं. पण रचना बघा. फायबर जिथे संपतं तिथून गावापर्यंत रेडिओ, आणि गावात साधं वायफाय. पन्नास किलोमीटरची भाषा त्यांनी केली नाही. टीव्हीचा पट्टा कुणालाही मोकळा नाही, त्यांनी प्रयोगासाठी परवानगी घेतली होती.

जुना_डायलअप

कॉरडेक्ट आठवतं का कुणाला? बिनतारी फोन आणि इंटरनेट देणारं, आयआयटी मद्रासचं, प्रा. अशोक झुनझुनवालांच्या गटाचं. १० किलोमीटर पल्ला, मध्ये रिले लावला तर २५. वेग ३५ किंवा ७० केबीपीएस. आज हसाल, पण त्यांनी जेवढं सांगितलं तेवढं ते देत होतं.

वर्क_फ्रॉम_आगर

सगळे जुनेच दाखले चाललेत. तंत्रज्ञान पुढे जातं की नाही? वायफाय हेलो घ्या, लांब पल्ल्यासाठी केलेला वायफायचा नवा प्रकार. २०२४ मध्ये एका चिप कंपनीने १६ किलोमीटरवर चालवून दाखवलं, तेही छोट्याशा उपकरणावर. मग २०२६ मध्ये ४० का नको?

डीबी_काका

दाखला चांगला दिलात. तो प्रयोग कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात झाला, मुद्दाम तिथे, कारण आजूबाजूला गोंगाट नाही. वेग मिळाला २ एमबीपीएस, आणि हा आकडा त्यांनी स्वतःच छापला. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, तो एवढ्यासाठीच.

खाडीपल्याड, एक करा. कंपनीला एवढंच विचारा, की नेमका कुठला पट्टा वापरणार आणि चॅनेलची रुंदी किती. याला पेटंटची आडकाठी नसते. पेटंटचा अर्ज साधारण अठरा महिन्यांनी सगळ्यांना वाचायला खुला होतोच, आणि लहर तर हवेत आहे, कुणीही मोजू शकतो.

खाडीपल्याड, बुधवार

काका, फोन केला. आधी "टेक्निकल टीमला विचारतो" झालं. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर उत्तर आलं: ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, लायसन्स-फ्री. रुंदीचं काही लिहिलं नाही. "आमचं मॉड्युलेशन पारंपरिक मर्यादा मानत नाही" असं मात्र लिहिलंय.

डीबी_काका

मग काम सोपं झालं.

पट्टा खरा आहे, परवान्याशिवायचाच आहे. आपल्याकडे लोरावाले (लोरा म्हणजे लांब पल्ल्याचं, कमी वेगाचं बिनतारी तंत्र) तोच वापरतात. पाण्याच्या टाकीची पातळी, जमिनीचा ओलावा, मीटरचं रीडिंग असले चार-दोन आकडे पाठवायला फार छान. पल्लाही लांब. लोराचा वेग मात्र काही केबीपीएसमध्ये मोजतात.

८६५ ते ८६८ म्हणजे सगळा मिळून ३ मेगाहर्ट्झ. क्लॉड शॅनन नावाच्या गृहस्थांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं, की दिलेल्या रुंदीत आणि दिलेल्या गोंगाटात जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते. मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर माहिती चढवायची पद्धत, कुठलंही असो, पेटंट असो नसो, त्याच्यापलीकडे जाता येत नाही. आजचं फोरजी-फाईव्हजी त्या रेषेच्या बरंच जवळ पोचलेलं आहे, ओलांडून कुणीही गेलेलं नाही.

सिग्नल गोंगाटाच्या हजारपट धरू, म्हणजे ३० डीबी. आपल्या झाडीत एवढा मिळाला तर पेढे वाटा. रुंदीला साधारण १० ने गुणायचं. ३ गुणिले १० म्हणजे ३० एमबीपीएस. हा अख्ख्या टॉवरचा एका चॅनेलवरचा कमाल आकडा, कागदावरचा. एका घराचा नाही, सगळ्या घरांचा मिळून. लहर उभी-आडवी अशी दोन प्रकारे पाठवून दुप्पट केला, तरी ६०.

आता उलटा हिशेब. ३ मेगाहर्ट्झमधून एका वाटेने ३०० एमबीपीएस काढायचे, तर सिग्नल गोंगाटापेक्षा ३०० डीबी वर हवा, म्हणजे एकावर तीस शून्यं एवढ्या पट. उभ्या-आडव्या दोन वाटा केल्या तरी प्रत्येकीला एकावर पंधरा शून्यं. एवढी वीज महावितरणकडे नाही.

माडावरचो

म्हणजे ह्या शॅनन सायबान १९४८ साली आमचे सहा हजार वाचवले.

वर्क_फ्रॉम_आगर

ठीक आहे काका, ३०० सोडून द्या. मला ३० मिळाले तरी मी नाचेन. ३० तर तुम्हीच कागदावर काढून दिलेत.

खांबावरचा

दादा, ते ३० तुमचे एकट्याचे नाहीत. पाट एकच आणि पोफळी दोनशे, शेवटच्या पोफळीला किती पाणी पोचणार? कंपनी ४० किलोमीटर म्हणते तेव्हा नीट विचार करा. पल्ला जेवढा मोठा तेवढी गावं जास्त, आणि तेवढे वाटेकरी. मोबाईलवाले टॉवर जवळ जवळ का लावतात? त्यांनाही एकाच टॉवरवर भागवायला आवडलं असतं की.

आणि "लायसन्स लागत नाही" हे अर्धंच खरं आहे. लहर वापरायला परवाना नको, पण पैसे घेऊन लोकांना इंटरनेट द्यायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. छोट्या भागासाठीही. मलाही घ्यावा लागला. त्यांच्याकडे नंबर मागा, खरा असेल तर दोन मिनिटांत देतील. करारात नुसतं "ब्रॉडबँड" लिहून घेऊ नका. २०२३ पासून सरकारी व्याख्येत २ एमबीपीएस दिले तरी ते ब्रॉडबँडच, त्याआधी तर ५१२ केबीपीएसवर भागायचं. आकडा लिहून घ्या, रात्री ९ चा, आणि सगळी घरं चालू असतानाचा.

चाचणीचंही तेच. प्रात्यक्षिक त्यांनी सड्यावर उभं राहून दाखवलं तर चहा पाजून परत पाठवा. वाडीतलं सगळ्यात खालचं, माडांत बुडालेलं घर निवडा, आणि दिवस पावसाळ्यातला घ्या. उन्हाळ्यातल्या निवांत संध्याकाळी समुद्रावरच्या हवेचे थर असे काही बसतात, की लहर त्यांत अडकून क्षितिजापलीकडे जाते. रेडिओवर भलत्याच गावची स्टेशनं लागतात तेव्हा. त्या दिवशी कुणाचंही यंत्र शहाणं दिसतं.

बरं, मला एक सांगा, त्या टॉवरवर नेट कुठून येणार?

खाडीपल्याड

विचारलं होतं. मुख्य रस्त्यावरच्या फायबरवरूनच घेणार म्हणाले.

खांबावरचा

आणि तिथून तुमची वाडी सरळ रेषेत किती?

खाडीपल्याड

रस्त्याने नऊ किलोमीटर, घाटीने उतरलं तर चार. सरळ रेषेत तीन असेल.

डीबी_काका

म्हणजे लागतात तीन किलोमीटर आणि विकतायत चाळीस! अहो, तीन किलोमीटरला बाजारात मिळणारा साधा ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ पुरे. माझ्या वरच्याच हिशेबाने गोंगाटावर ३९ डीबी मिळतात, म्हणजे पावसाळ्याला भरपूर सवड. एक रेडिओ रस्त्यावर, एक सड्याच्या कडेला, जिथून वाडी दिसेल अशा जागी, तिथून खाली वाडीत दुसरी छोटी जोडी, आणि घरांत वायर. यात नवीन शोध काही नाही, म्हणून त्याचं माहितीपत्रकही कुणी छापत नाही.

बाईंची_शाळा

खर्च किती येईल साधारण?

खांबावरचा

रेडिओच्या दोन जोड्या, खांब, बॅटरी, सोलर, अर्थिंग सगळं धरून लाखाच्या आसपास राहावं. घरातली वायरिंग वेगळी. साठ घरांचे सहा हजारांप्रमाणे साडेतीन लाखांच्या वर होतात, ते तुम्ही अनोळखी माणसाला आगाऊ देणार होतात. फक्त दरमहा कुणीतरी बघायला हवं. पहिल्या पावसात क्लॅम्प सैल होतो आणि वर चढायला कुणी नसतं, तिथेच या योजना मरतात. वाडीतला एक पोरगा तयार करा, त्याला पगार द्या.

खाडीपल्याड, शुक्रवार

मंडळाची बैठक झाली. काकांचा हिशेब फळ्यावर लिहून दाखवला. कंपनीला पत्र दिलं: परवान्याचा नंबर द्या, सगळ्यात खालच्या घरात जुलैमध्ये चाचणी द्या, अनामत चाचणीनंतर. उत्तर आलं की अनामतीशिवाय चाचणी देता येत नाही, कंपनीचं धोरण आहे. त्यामुळे विषय तिथेच थांबला. मुंबईकरांपैकी दोघं अजून रुसलेत.

आता खांबावरच्या दादांचा मार्ग धरायचा म्हटलं, तर सड्याच्या कडेची जागा सामायिक आहे. सातबाऱ्यावर बावीस नावं, त्यातली सहा वारलेली, दोघं परदेशात.

वर्क_फ्रॉम_आगर

झालं! यापेक्षा शॅनन परवडला.

खांबावरचा

खांब सड्यावरच हवा असं नाही. शाळेच्या छपरावरून रस्त्याकडचा डोंगर दिसतो का? शाळेत लाईटही आहे. मंगळवारी दुर्बीण घेऊन येतो, आधी तेवढं बघू.

खाडीपल्याड

दिसतो, पण मध्ये फणस आहे. मोठा.

खांबावरचा

फणस कुणाचा?

खाडीपल्याड

त्याच बावीस जणांचा.